सराफाच्या काट्यावरची धूळ

सर,

तुमची बातमी आली तेव्हा माझ्या हातात चिमटा होता आणि चिमट्यात कोरा फिल्टर. रायपूरमध्ये एका इमारतीच्या गच्चीवर मी हवा मोजायचं मशीन लावत होते. मोबाइल वाजला, थांबला, परत वाजला. मी घेतला नाही. कागद चिमट्यात असताना मान वळवायची नाही, श्वाससुद्धा बेतानं सोडायचा, हे तुम्हीच शिकवलेलं. फिल्टर बसवला, चारी चाप आवळले, मोटर सुरू केली, नळीतलं लाल पाणी खुणेवर आलं का ते पाहिलं आणि मग फोन लावला. पलीकडून पारसशेठ म्हणाले, "हिरा, सर गेले गं. सकाळी अवसरीला, घरीच. चहा मागितला, आणि तो यायच्या आत..." पुढचं मला ऐकू आलं नाही. मशीनचा आवाज फार होता, असं मी स्वतःला सांगितलं.

रडू लगेच आलं नाही. खरं सांगायचं तर आधी राग आला. मनात आलं, सर सुटले. माझं एक मागणं त्यांच्याकडं राहिलं होतं, ते न देताच सुटले. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, एवढं सातवी शिकलेल्या बाईलाही कळतं. पण तुमच्यापुढं माझं तोंड कधी धड उघडलं नाही. बोलायला लागले की तुम्ही माझं वाक्य पुरं करून टाकायचात, बहुतेक वेळा चुकीचं. आता मध्येच बोलणार नाही, तर ऐकून घ्या.

घाटघरहून मी नारायणगावात आले तेव्हा मला रस्ता ओलांडायची भीती वाटायची. मामाच्या ओळखीनं पारसशेठच्या सराफी दुकानाला लागून असलेल्या एसटीडीच्या बूथमध्ये बसायला लागले. समोर जीपांचा अड्डा, अड्ड्यामागं प्राथमिक शाळेची भिंत, आणि हंगामात टोमॅटोच्या गाड्या हायवेपर्यंत लागलेल्या. संध्याकाळी फोनचा रिसीव्हर पुसला की फडकं काळं व्हायचं. मला वाटायचं, शहर म्हणजे असंच असतं.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते फोन करायला. पुण्याची कॉलेजातली नोकरी सोडून अवसरीला शेतीत परतलेला मास्तर, एवढंच लोकांना माहीत. फोन झाला, तुम्ही नाक शिंकरलं, रुमाल उघडून बघितला आणि तो सरळ पारसशेठच्या पुढ्यात धरला. "हे बघा शेठ. एवढं आपण नाकात अडवलं. आत किती गेलं?"

"सर, दुकानात गिऱ्हाईक आहे," शेठ म्हणाले. "आधी तो रुमाल ठेवा बघू."

"तुमची गच्ची द्या. मशीन ठेवतो. हवा मोजायचीय."

"मोजून कुणाला विकणार?"

"विकायची न्हाई. फुकट मिळते म्हणून कुणी बघतच न्हाई तिच्याकडं."

शेठ हसले आणि गच्ची दिली. मशीन म्हणजे तुम्हीच जमवलेला संसार होता. व्हॅक्यूम क्लीनरची जुनी मोटर, पत्र्याची उतरती टोपी, फळीवर ठोकलेली वाकडी नळी आणि हवेची ओढ किती ते दाखवायला तिच्यात लाल रंगाचं पाणी. कंपनीचं मशीन घ्यायची ऐपत पुण्यामुंबईच्या ऑफिसांचीच, म्हणून तुम्ही हे केलंत. ते दिवसरात्र हवा ओढायचं. हवेतली धूळ पांढऱ्या कागदावर बसायची. आधीचं वजन, नंतरचं वजन, मधला फरक म्हणजे धूळ. तुम्ही हे पहिल्यांदा सांगितलंत तेव्हा मी म्हटलं, "एवढंच?" तुम्ही खूश झालात. "एवढंच. लोकांना वाटतं ह्यात लई काय तरी असतं."

कॉलेजची पोरं तुम्ही शिकायला आणलीत ती महिन्याभरात पांगली. लाइट गेली की गच्चीवर धावायला लागायचं, किती वेळ मशीन बंद पडलं ते मीटरवर बघून लिहायला लागायचं, आणि लाइट तर रोजच जायची. मी खाली बूथवर बसलेलीच असायचे. म्हणून मी. माझ्यात काही विशेष दिसलं म्हणून नाही. मी जागेवर होते म्हणून तुम्ही मला शिकवलंत, आणि त्याबद्दल तुमचे उपकार मी कधी विसरले नाही, आज रागात असले तरी.

निळे खडे आठवतात? बरणीत त्या खड्यांवर कागद ठेवायचा, म्हणजे त्यातली ओल जायची. खडे गुलाबी झाले की तव्यावर भाजून परत निळे करायचे. मी एकदा विचारलं, त्याच तव्यावर भाकरी टाकली तर? तुम्ही तुमच्या घरचा तवा आणून दिलात आणि त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधलात. तुमच्या घरी बाईंनी तो तवा परत मागितल्याचं शेठनी मला नंतर सांगितलं.

आणि वजन शेठच्या काट्यावर. सोन्याच्या काट्यासारखा नाजूक काटा गावात दुसरा कुठं मिळणार? सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत शटर अर्धं ओढायचं, पंखा बंद करायचा, कारण पंख्याच्या वाऱ्यानं आकडा हलायचा. एकदा ओतूरचे एक पाहुणे लग्नाचे दागिने घ्यायला लवकरच आले. घामानं निथळत म्हणाले, "शेठ, पंखा लावा की."

"थांबा पावणं, हवा मोजतोय."

"आरं तिच्या! हवा बंद करून हवा मोजता व्हय?"

तुम्ही इतके हसलात की आकडा सगळा भरकटला आणि मला पुन्हा पहिल्यापासून वजन करावं लागलं. मी चिडले. तुम्ही दुकानाबाहेर जाऊन रस्त्यावर उभे राहून हसलात. मला आजही तुमचं तेच रूप आठवतं, शटरच्या खालून नुसत्या हलणाऱ्या चपला दिसताहेत असं.

थंडीत आपण मशीन माझ्या गावाला नेलं. तुम्हाला स्वच्छ हवा कशी दिसते ते बघायचं होतं, म्हणजे नारायणगावची हवा कशाशी ताडून बघायची ते कळेल. जीप नाणेघाटाच्या रस्त्याला लागली तसं तुम्ही खिडकीतून तोंड बाहेर काढलंत ते घाटघर येईपर्यंत आत घेतलं नाहीत. मशीन आमच्या ओट्यावर लावलं. माझी आई दारात बसून बराच वेळ बघत राहिली.

"ह्यात काय धरताय वं मास्तर?"

"हवा, आक्का."

"मंग सोडून द्या की बिचारीला."

दुसऱ्या दिवशी कागद काढला तर जवळजवळ जसाच्या तसा पांढरा. नारायणगावच्या काळ्या कागदाशेजारी धरून तुम्ही तो आईला दाखवलात. आई माझ्याकडं बघून म्हणाली, "आन् तू तिथं ऱ्हातीस?"  परतताना जीपमध्ये मला म्हणालात, "हिरा, हवा गावाची असेल तर मोजणारं माणूसही गावाचंच पाहिजे. पुण्याचा साहेब येणार, आकडा सांगणार आणि चहा पिऊन जाणार, त्यानं भिंतीपलीकडच्या पोराचा खोकला थांबत न्हाई. तू मोजलंस तर तू भांडशील."

सर, हे वाक्य मी खरं मानलं. माझी चूक झाली असेल तर ती एवढीच.

मग तो दसरा. सगळ्या नारायणगावात हत्यारांची, वाहनांची पूजा. समोर अड्ड्यावर जीपा धुवून झेंडूच्या माळा घालून उभ्या. शेठच्या काट्याची पूजा झाली आणि तुम्ही म्हणालात, "गच्चीवरच्या बाईला विसरलात की." बाई म्हणजे मशीन. हळदकुंकू, फुलं, उदबत्ती, धूप घेऊन सगळे वर गेलो. त्या दिवशी मापाचा दिवस होता, मशीन चालू होतं. मी तुम्हाला विचारलं होतं. नीट आठवा. मी म्हटलं, "सर, बंद करू का?" तुम्ही म्हणालात, "बंद मशीनची पूजा म्हणजे झोपलेल्या माणसाला ओवाळणं. चालू राहू दे." शेठनी धूप ओवाळला. नारळ तुम्ही फोडलात. नारळाचं पाणी पत्र्यावर उडालं ते मीच पुसलं.

दुसऱ्या दिवशी कागद निघाला तो तपकिरी, आणि अख्ख्या दुकानात धुपाचा वास. काट्यावर ठेवला तर आकडा चढतच गेला. तुम्ही म्हणालात, "शेठ, देव लई वजनदार निघाला!" आणि स्वतःच्या हातानं त्या कागदाच्या कोपऱ्यावर लिहिलंत, 'धरू नये'. मी तो वेगळा काढून ठेवला. हिशेबात कधीच धरला नाही. पुढं कित्येक दिवस आपण त्यावर हसलो. ते आपलं हसणं होतं, आपल्या तिघांचं, घरातलं.

पावसाळा, हिवाळा, टोमॅटोचा हंगाम, सगळ्यातनं आपण मोजलं. अड्डा बंद असला की कागद फिकट, बाजार भरला की काळा. शाळेच्या भिंतीला लागून बसणारी पोरं काय ओढतात ते आता दाखवता येत होतं. अड्डा आणि गाड्यांची रांग तिथून हलवून हायवेपलीकडं न्यावी, हे सांगायला ग्रामपंचायतीच्या सभागृहात बैठक ठरली. पुण्याहून एक साहेब येणार होते. मी घाटघरचा पांढरा कागद आणि नारायणगावचे काळे कागद एका पुठ्ठ्यावर लावून तयार केले. नवी साडी नेसले. आदल्या दिवशी मला जेवण गेलं नाही, कारण तुम्ही म्हणाला होतात, "आकडे तू सांगायचे."

त्या बैठकीला असलेली माणसं अजून गावात आहेत, त्यामुळं मी वाढवून सांगू शकत नाही. जीपवाल्यांचे पुढारी, सगळे त्यांना आबा म्हणतात, ते उठले आणि म्हणाले, "ही रीडिंगं घेतली कुणी?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी अर्धी उठले.

"हिनं? एसटीडीवालीनं?" मागून कुणीतरी म्हणालं.

साहेबांनी तुम्हाला विचारलं, "यांचं शिक्षण किती?"

मला वाटलं, आता तुम्ही तेच सांगाल जे जीपमध्ये सांगितलं होतं. तुम्ही साहेबांकडं बघून हसलात. असं हसणं मी तुमच्या तोंडावर आधी कधी बघितलं नव्हतं. म्हणालात, "साहेब, हा आपला नुसता सराव होता. ह्या लोकांकडून शास्त्रीय काटेकोरपणाची अपेक्षा कशी करणार? अहो, दसऱ्याला चालू मशीनला धूप ओवाळला यांनी. त्या दिवशी नारायणगावची हवा गाभाऱ्यापेक्षा दाट निघाली."

सगळं सभागृह हसलं. साहेब हसले. आबा तर उभेच होते. "मंग आमी बी जीपांना रोज धूप दाखवतो की! हवा सुधारंल!" ज्यांच्या जीपांना दसऱ्याला माळा होत्या तेच हे म्हणत होते. मी पुठ्ठा उलटा करून मांडीवर ठेवला. नारळ कुणी फोडला ते तुम्ही सांगितलं नाहीत. तो कागद आपण धरलाच नव्हता हे सांगितलं नाहीत. बाकीचे सगळे कागद निळ्या खड्यांवर वाळवून, पंखा बंद करून, श्वास रोखून तोललेले होते, त्यातला एकसुद्धा वर उचलून दाखवला नाहीत. एकटे पारसशेठच हसले नाहीत. ते छताकडं बघत होते.

मोठ्या मशीनचं मला नंतर कळलं. साहेबांच्या संस्थेकडून नारायणगावला कंपनीचं मशीन मिळणार होतं, पण ते डिग्रीवाल्यांनीच चालवायचं अशी अट होती. ते हातचं जाऊ नये म्हणून तुम्ही तसं बोललात. मशीन आलंही. ग्रामपंचायतीच्या गच्चीवर, लोखंडी पिंजऱ्यात, कुलपात. पुण्याहून एक मुलगा मोटरसायकलवर यायचा. थोडे महिने आला, मग त्याला दुसरी नोकरी लागली. कुलपाची किल्ली पुण्याला आणि मशीन नारायणगावला. त्याच्यावर कबुतरं बसतात, असं शेठ सांगतात. अड्डा आहे तिथंच आहे. भिंत आहे तिथंच आहे. पोरं तेवढी दरवर्षी नवी.

मी तुमच्याशी बोलायचं सोडलं. तुम्ही बूथवर यायचात, मी नंबर फिरवून रिसीव्हर पुढं करायचे, बस. आणि मग एक दिवस तुम्हीच म्हणालात की रायपूरला तुमच्या जुन्या मित्राची हवा तपासायची प्रयोगशाळा आहे, माणूस हवंय, जातेस का. मला त्या क्षणी कळलं नाही की तुम्ही माझं भलं करताय की मला नजरेआड करताय. आजही कळलेलं नाही. दोन्ही असेल. स्टेशनवर सोडायला आलात तेव्हा माझ्या आईसारखं माझ्या बाटलीत पाणी भरून दिलंत. मी गाडीत बसून रडले, आणि कशासाठी रडले ते मला सांगता येणार नाही.

इथं मी टिकले. भाषा कळेना, जेवण गिळेना, छतावर हात ठेवला तर तळवा काळा. पण काटा तोच, चिमटा तोच, खडे तसेच निळे. गावाकडं पैसे गेले, भावाचं शिक्षण झालं, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. हे सगळं तुम्ही शिकवलेल्या 'एवढंच'वर झालं. देवापुढं हात जोडताना तुमचं नाव येतं, राग असला तरी येतं. आता माझ्या हाताखाली इथल्याच बस्तीतल्या दोन बायका शिकताहेत. त्यांना सभेत मी पुढं उभं करते आणि स्वतः मागं बसते. 

एकदा चहा पिताना तुमचे मित्र सहज बोलून गेले, "तुम्हारे सर ने फोन पर कहा था, यह लड़की मुझसे ज़्यादा पक्का तौलती है." मी कप खाली ठेवला. त्यांना वाटलं मला आनंद झाला. सर, मला त्या दिवशी सभेतल्यापेक्षा जास्त लागलं. तोवर मी मनाची समजूत घालत होते की तुम्हाला खरंच मी केलेल्या वजनांचा भरवसा नसेल. भरवसा नसता तर ते तुमचं मत झालं असतं. पण तुम्हाला माहीत होतं. हजार कोसांवरच्या मित्राला खरं सांगितलंत आणि जिथं त्या खऱ्याचा उपयोग होता तिथं गाव हसवलंत.

मग मी धीर करून त्या सभेबद्दल विचारायला तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "अगं, मोठ्या कामात एखादं वाक्य इकडं तिकडं होतं. तेवढ्यानं काय बिघडलं? तू बघ आज कुठं आहेस." मी "हो सर" म्हटलं. नेहमीसारखं. फोन ठेवल्यावर उत्तर सुचलं: मी कुठं आहे ते सोडा, अड्डा कुठं आहे ते बघा.

दिवाळीत परत केला. त्या वेळी तुमचा आवाज बारीक झाला होता. मी म्हटलं, "सर, एकदा सभागृहात उभं राहून सांगा ना. ती रीडिंगं बरोबर होती, एवढंच."  बाईंचा आवाज आला, कोण आहे, म्हणून. तुम्ही म्हणालात, "उन्हाळ्यात ये. तू समोर असशील तर सांगीन." मी उन्हाळ्याची रजा मागून ठेवली. तुम्ही माघात गेलात.

काल पारसशेठचा परत फोन आला. रविवारी ग्रामपंचायतीच्या सभागृहात तुमची शोकसभा आहे. सरपंच, जीपवाले, शाळेचे मास्तर, सगळे बोलणार. आबासुद्धा बोलणार. "हिरा, तूही चार ओळी पाठव," शेठ म्हणाले, "मी वाचतो. चांगलं लिही हं."

"शेठ, चांगलं म्हणजे?"

"सभा आहे बाई. माणूस गेलाय."

"आणि खरं लिहिलं तर?"

 दुकानातला पंखा ऐकू येत होता. मग शेठ म्हणाले, "तर जरा मोठ्या अक्षरात लिही. मला आता चष्म्यातूनही नीट दिसत नाही."

म्हणून हे मोठ्या अक्षरात लिहिलंय. तुमच्याबद्दल मला माया आहे, ती या कागदातून कुणाला दिसली नाही तरी तुम्हाला दिसेल. आणि तुम्ही मला फसवलंत, तेही यात आहे. एकानं दुसरं पुसलं जात नाही. पुसायचा मी खूप प्रयत्न केला.

शेठना मी सांगितलंय, सगळं वाचा, मधलं गाळू नका. दसऱ्याचं आलं की लोक हसतील. हसू द्या त्यांना. शेठ, ते थांबेपर्यंत तुम्ही थांबा, पाणी प्या, आणि मग साहेब बसले होते त्या खुर्चीकडं नाही, शाळेच्या बाजूच्या खिडकीकडं बघून पुढचं वाचा: ती रीडिंगं बरोबर होती. ती हिरानं घेतली होती. आणि सरांना ते माहीत होतं.